उरलेला एक शब्द

आजारपणानंतर आईकडे एकच शब्द उरला होता, आणि तोही मला अडीच महिने कळला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लागले की तुम्हाला मला आवरता येईल. नावं ठेवण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही.

आईचं बोलणं एके काळी सगळ्या गावाच्या ओळखीचं होतं. तीस वर्षं ती स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे माईकसमोर बसून गाड्या पुकारायची. अमुक ठिकाणी जाणारी गाडी तमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी लक्ष द्यावं. निवृत्त झाली तरी सूर तोच राहिला. एकदा तिने बाजारात टोमॅटोचा भाव विचारला तर शेजारच्या माणसाने दचकून सामान उचललं, असं ती सांगायची. खरं-खोटं तिलाच ठाऊक.

मग एका सकाळी दात घासताना तिच्या हातातून ब्रश पडला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. बारा दिवस दवाखान्यात काढले. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलणं सगळंच गेलं. घरी आणल्यावर महिन्याभराने मी तिचं तोंड पुसत होते, तेव्हा ती माझ्याकडे बघत स्पष्ट म्हणाली, "बस."

मी एवढ्या मोठ्याने किंचाळले की बाहेर खुर्चीत बसलेली बाई धावत आत आली. तिची एक भुवई कोरलेली होती आणि एक तशीच होती. आम्ही दोघी आईच्या पलंगाशी उभ्या राहून रडलो. त्या बाईचा आईशी काही संबंध नव्हता, पण ती माझ्यापेक्षा जास्त रडली.

बाहेरची खुर्ची म्हणजे माझं पार्लर. घराची पुढची खोली. एक फिरती खुर्ची, भिंतभर आरसा, केस धुवायचं बेसिन, पाय घासून द्यायला लागतं ते बुटकं स्टूल. आईचा पलंग आतल्या खोलीत, आणि मधला पडदा मी काढून टाकला होता. त्यामुळे काम करता करता आरशात मला आई दिसायची, आणि तिला दिवसभर मी. बावीस वर्षं मी या आरशासमोर उभी आहे. आमचा धंदा उभ्याचा. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, फोन खांद्यात धरून उभ्याने. दादा मला लहानपणापासून भिंगरी म्हणतो आणि मला त्याचा अभिमान होता.

आणि आमच्या धंद्यात "बस" या शब्दाला फार मान आहे. गिऱ्हाईक आरशात बघत असतं, मी केसांची बट बोटात धरून विचारते, एवढे कापू? आणखी? ते म्हणतं, बस. ते ऐकूनही कात्री चालली की संपलं. कापलेला केस परत चिकटवता येत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हाताला ते वळण लावलं होतं. बस ऐकलं की हात थांबला पाहिजे, डोकं नंतर विचार करेल.

माझा हात थांबायचा. दुपारी दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात मी वाटी घेऊन आत जायची. मऊ भात, कुस्करलेली भाजी, नाहीतर सूप. पलंगाशी उभी राहून चमचा पुढे करायची, एक कान दाराकडे. तीन चमचे, चार चमचे, फार तर पाच. मग आई मान वर करून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "बस." चमचा तिथल्या तिथे थांबायचा. मी तोंड पुसायची, वाटी घेऊन परत. संध्याकाळी तेच.

भूक आहे का असं विचारून काही उपयोग नव्हता. तिच्या हो आणि नाहीची सरमिसळ झाली होती. भूक आहे का विचारलं तरी ती मान हलवायची, पोट भरलं का विचारलं तरी तशीच हलवायची. थोडं बळजबरीने भरवून बघितलं, तर तिने ओठ मिटून घेतले आणि "बस, बस" म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. त्यानंतर मी बळजबरी केली नाही.

कधी कधी बाहेर माझं काम चाललेलं असायचं आणि आतून आवाज यायचा, "बस." एकदा एका कॉलेजातल्या मुलीचे केस कापत होते, तर ती म्हणाली, "काकू, आजी पण बस म्हणतायत. राहू दे आता, आणखी आखूड नको." आम्ही हसलो. मी आरशात बघितलं, तर आई हसत नव्हती.

वजन बावन्न किलोवरून शेहेचाळीसवर आलं, मग बेचाळीसवर. डॉक्टर तरुण होते आणि घाईत असले तरी वाईट नव्हते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून पंधरा दिवस बघू. चाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल. तोंडाने पुरेसं जात नाहीये."

नळी लावून माणसं जगतात, मला माहीत आहे. पण माझी आई तोंडाने जगलेली बाई. बोलणं गेलं होतं, आता चवही जाणार. आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती वेगळीच होती. माझ्या हातून जेवून आई उपाशी मरतेय, हे मला रोज दिसत होतं आणि मी ते कुणाला सांगत नव्हते. ते पंधरा दिवस मोजायला मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज पेन्सिलीने एक बारीक खूण करायला लागले.

आता दादाविषयी. माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, शाळेत ग्रंथपाल आहे. दर रविवारी येतो. आला की आधी बसतो. चप्पल काढायच्या आधी नजरेने खुर्ची शोधतो. आईच्या पलंगाला खुर्ची लावून, पाय लांब करून, तो तासन्‌तास तिच्याशी शाळेतल्या गोष्टी बोलत बसायचा. मी कपडे वाळत घालतेय, चादर बदलतेय, औषधं बघतेय, आणि हा महाराजांसारखा बसलेला. मी मनात आणि कधी कधी तोंडावर त्याचा उद्धार करायची.

"बस" वर त्याचं स्वतःचं संशोधन होतं. "अगं, तिला स्टँड आठवतोय. बस. गाडी. तीस वर्षं तेच केलं ना तिने? तिला एकदा तिथे नेऊन आणू."

"ती दमली आहे, दादा. पुरे म्हणतेय ती. जगणंच पुरे म्हणतेय." हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले आणि लगेच पातेलं घासायला वळले.

 पुढच्या रविवारी दादाने मित्राची गाडी आणली, आईला चाकाच्या खुर्चीवरून उचलून पुढच्या सीटवर ठेवलं आणि खरंच स्टँडवर घेऊन गेला. दोन तासांनी परत आले तेव्हा आईच्या गालाला आइस्क्रीम लागलेलं होतं.

"पूर्ण कप खाल्ला," दादा म्हणाला. "गाडीत शेजारी शेजारी बसलो, फलाट बघितले, मी भरवत होतो आणि ती खात होती. एकदाही बस म्हणाली नाही. म्हणजे बघ, माझं बरोबर होतं की नाही?"

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा दिवस मी राबायचं, आणि सातव्या दिवशी हा येणार, बसणार, आणि आई याच्या हातून पूर्ण कप खाणार. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याने ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, "दुपारी शाळेतून मला तासभर मोकळं होता येतं. रोजचं दुपारचं मी भरवू का?"

"काही गरज नाही," मी म्हटलं. "माझं मी बघते."

तेच वाक्य मी सिस्टरांनाही ऐकवलं. त्या निवृत्त परिचारिका, दर तीन आठवड्यांनी केस रंगवायला येतात. डोक्याला रंग लावून अर्धा तास थांबायचं असतं, त्या वेळात त्यांचे डोळे फिरत असतात. त्या दिवशी ते माझ्या पायांवर थांबले.

"सलवार वर कर जरा."

"सिस्टर, रंग वाळतोय तुमचा."

"वाळू दे. वर कर."

पोटरीवरच्या शिरा दोरीच्या गाठींसारख्या वर आल्या होत्या आणि घोट्यांवर सूज होती. त्यांनी अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. "दिवसातून किती वेळा बसतेस?" त्यांनी विचारलं. मी हिशोब करायला लागले आणि मला एकही वेळ आठवेना. "तू पडलीस तर आत झोपलेलीचं कोण करणार?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माझं मी बघते. सिस्टरांनी जाताना ते बुटकं स्टूल पायाने ढकलून आईच्या पलंगापाशी नेऊन ठेवलं. मला वाटलं, आगाऊ बाई. स्टूल मी परत बाहेर आणलं नाही, तेही केवळ वेळ नव्हता म्हणून.

पेन्सिलीच्या नऊ खुणा झाल्या होत्या त्या दिवशी सकाळपासून सहा जणी होऊन गेल्या. कुठल्याशा शाळेत संमेलन होतं, सगळ्या शिक्षिकांना एकाच दिवशी केस सेट करून हवे होते. सकाळी मी एक बिस्किट खाल्लं होतं, तेही अर्धं. दुपारी अडीचला वाटी घेऊन आत गेले. आईने तोंड उघडलं. पहिला चमचा. दुसरा चमचा. तिसरा पुढे केला आणि खोली डावीकडे कलली.

मी पडले नाही. वाटी धरूनच खाली गेले, आणि माझ्याखाली सिस्टरांचं ते स्टूल आलं. भात सांडला नाही, याचं मला त्या अवस्थेतही समाधान वाटलं. डोकं गरगरत होतं. उठायची ताकद नव्हती, म्हणून मी तशीच बसून राहिले. हळूहळू समोरचं दिसायला लागलं. समोर आईचा चेहरा होता. अगदी समोर, माझ्या डोळ्यांच्या रेषेत. इतके महिने मी तो चेहरा वरूनच बघितला होता.

तिच्या कपाळावरची आठी गेली होती. आजारपणापासून ती आठी तिथेच होती, मला वाटायचं ती आजाराचीच आहे. आईने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि तोंड उघडलं.

मी चमचा दिला. तिने मान वर न करता खाल्लं. आणखी एक, आणखी एक. पाच झाले, सहा झाले. मी "बस" ची वाट बघत होते. आठ, नऊ. वाटीच्या तळाला चमचा लागला आणि आईचं तोंड उघडंच होतं.

बाहेर बेल वाजली. मी आणखी भात आणायला म्हणून स्टुलावरून अर्धी उठले.

"बस," आई म्हणाली.

माझा हात सवयीने थांबला. आणि मग आईने डावा हात उचलला, माझ्या ओढणीचं टोक पकडलं आणि खाली ओढलं. माझ्या डोक्यात तेव्हा काही आलं नव्हतं. गुडघेच आधी वाकले. मी बसले. आईने ओढणी सोडली, कपाळ पुन्हा मोकळं झालं, आणि तोंड उघडलं.

तेव्हा मला कळलं.

जन्मभरात आईने पोट भरल्यावर बस म्हटलेलं नाही. ती म्हणते, पुरे. "पुरे गं, किती वाढतेस." बस म्हणून थांबवणारी माझी गिऱ्हाइकं होती. आणि गाडीला तिने कधी बस म्हटलं नाही, ती गाडीच म्हणायची, सगळं गाव साक्षीला आहे. आमच्या घरात आई बस म्हणायची ते फक्त मला. शाळेतून आले की, बस जरा. पार्लर सुरू केलं तेव्हा, बस की गं दोन मिनिटं, सारखी काय नाचतेस. अख्ख्या भाषेतून तिच्याकडे एक शब्द राहिला होता आणि तो ती दिवसभर माझ्यावर खर्च करत होती. आरशात मी उभी दिसले की, बस. चमचा घेऊन डोक्यावर उभी राहिले की, बस. आणि मी दरवेळी तिच्या तोंडासमोरून घास काढून घेत होते.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. बेल आणखी दोनदा वाजली आणि थांबली. आईचा डावा हात माझ्या केसांतून फिरत होता. खूप दिवसांत तेल लागलं नव्हतं, त्याची मला लाज वाटली.

दादाला फोन केला. "उद्यापासून दुपारचं तू भरव," मी म्हटलं. "आणि तू बसतोस म्हणून मी आजवर जे काही बोलले, ते मागे घेते."

त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "म्हणजे माझ्या बसण्याला वैद्यकीय महत्त्व आहे."

"जास्त चढू नकोस."

"नाही गं भिंगरे. येतो उद्या."

सिस्टरांकडे मी स्वतः गेले. त्या हसल्या नाहीत, की मी सांगत नव्हते का असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी समजावलं, भरवणारा उभा असला की रुग्णाला मान वर करावी लागते आणि वर केलेल्या मानेने गिळणं अवघड जातं. म्हणजे आईने सांगितलं ते तिच्या घशाच्याही सोयीचं होतं. त्यांनी मला पोटरीला घालायचे घट्ट मोजे दिले आणि दुपारी तासभर दाराला पाटी लावायला लावली. पाटीवर काय लिहू असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "लिही, बसले आहे."

तीच पाटी अजून आहे. त्या तासात दादा आईला भरवतो आणि मी शेजारच्या स्टुलावर माझं ताट घेऊन जेवते. केस कापण्यासाठी मी चाकं असलेलं उंच स्टूल आणलं. बसून केस कापताना पहिले चार दिवस हात अवघडला, पाचव्या दिवशी विसरून गेले. आरशात आता आई आणि मी जवळजवळ एका उंचीवर दिसतो.

पंधराव्या दिवशी दवाखान्यात गेलो. काट्यावर खुर्चीसकट चढवलं, खुर्चीचं वजन वजा केलं. त्रेचाळीसला थोडं कमी. डॉक्टरांनी दोनदा बघितलं. ते उभ्या उभ्याच कागद चाळत होते, बाहेर रांग होती, सकाळपासून ते तसेच असावेत. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बस."

"दमल्या का आजी? झालंच."

"नाही डॉक्टर," मी म्हटलं. "तुम्हाला बसायला सांगतेय ती. 'बसा' म्हणायचंय, पण काना अजून यायचाय. तेवढं समजून घ्या."

 डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि खरंच बसले, आईच्या समोर, आणि पहिल्यांदाच तिचा हात हातात घेऊन तिला विचारलं, कसं वाटतंय. नळीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. दादाने दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून डोळे पुसले. त्याला बसायला कुठेही जागा मिळते.

मला हे सगळं चुकीतून मिळालं. चूक माझी होती आणि तिची किंमत आईने नऊ-दहा किलो देऊन भरली, हे मी विसरत नाही. पण जिच्याकडे एकच शब्द उरला तिने तो माझ्यासाठी ठेवला, हेही विसरत नाही. आभार कुणाचे मानायचे म्हटलं तर यादी लांब होईल: आगाऊ सिस्टर, आळशी दादा, ते बुटकं स्टूल. सगळ्यांना मी नावं ठेवलेली आहेत.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. पाटी लावलेली, आम्ही तिघं जेवत होतो. दादा भरवत होता आणि शाळेत कुणी पुस्तकात पोळी विसरलं त्याची गोष्ट सांगत होता. वाटी संपली, दुसरी अर्धी झाली. दादाने चमचा पुढे केला. आईने ओठ मिटले, डाव्या हाताने चमचा बाजूला सारला आणि अडखळत, एकेक अक्षर जोडत म्हणाली, "पु... रे."

दादाचा चमचा हवेत राहिला. मी ताट तसंच खाली ठेवलं आणि उठले. सिस्टरांना सांगायला पाहिजे होतं, डॉक्टरांना फोन करायला पाहिजे होता, त्या भुवईवाल्या बाईलासुद्धा कळवायला पाहिजे होतं. फोन कुठे ठेवला ते आठवेना म्हणून मी खोलीत गोल फिरायला लागले.

"बस," आई म्हणाली.

मी बसले.